हातभर लांब थांबणारा ढब्बू

सकाळी फरजानाचे हात कणकेत होते. अंगणात कोंबड्या सुटल्या होत्या, सासूबाई ओट्यावर तसबीहचे मणी ओढत बसल्या होत्या, आणि तिचा नवरा इरफान चहात बुडवलेली खारी मोडून पडायच्या आत तोंडात घालायच्या रोजच्या खटपटीत होता. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

बाहेर उखा उभा होता. घरामागचं शेत त्याचं. शेत संपलं की रेल्वेचे रूळ, आणि रुळांच्या कडेने थोडं चाललं की खांडबारा स्टेशन.

"भाभी, तुमना ढब्बू परत रुळवर व्हता. मालगाडी भोंगा वाजाडी ऱ्हायनी, अन हाऊ आरामम्हा पोळी खाई ऱ्हायना. नवाब शे का तो?"

"हाक नई मारी का त्याले, उखाभाऊ?"

"मारी ना. ऊना बी. पन हात पुढे कया का परत मांगे. धरू कसा?"

यात नवीन काही नव्हतं. पॅसेंजर स्टेशनात थांबली की लोक डब्यातलं उरलंसुरलं खिडकीतून टाकतात, आणि त्यांच्या कुत्र्याला, ढब्बूला, गाड्यांच्या वेळा घरातल्या माणसांपेक्षा चांगल्या कळायच्या. पॅसेंजर उभी असते, पण शेजारच्या रुळावरून जाणारी मालगाडी उभी राहत नाही. हाक मारली की तो यायचा, हातभर लांब थांबायचा, शेपटी हलवायचा आणि कोणी वाकलं की पळायचा.

उखा गेल्यावर इरफान म्हणाला, "रुळावर मरण्यापेक्षा कोरीटला गेलेला बरा. धर्मेंद्र कधीचा कुत्रा मागतोय."

धर्मेंद्र कोरीटचा शेतकरी. इरफानच्या बाजारातल्या गादी-रजईच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या मळ्यात ढब्बू साखळीला बांधलेला राहिला असता, पण जिवंत राहिला असता. फरजाना कणीक मळत राहिली, इरफानने फोन लावला. धर्मेंद्रने फोनवर सांगितलं, पपईचा माल गेला की येतो, तोवर कुत्रा कसा आहे ते पाठवा.

फरजाना नंदुरबारच्या पिंजाऱ्याची मुलगी. घरी बसून रजयांना टाके घालायचं काम तिचं. दोऱ्याला गाठ बसली की दुसऱ्या बाया दोरा तोडतात. ही सुईच्या टोकाने गाठ सोडवत बसायची. सासूबाई म्हणायच्या, "तेवढ्यात अर्धी रजई झाली असती." ती "हो अम्मी" म्हणायची आणि गाठ सोडवायची. कोंबड्याही तिच्याच. आधी मुंगूस पिल्लं उचलून न्यायचं, ढब्बू अंगणात झोपायला लागल्यापासून ते फिरकलं नव्हतं. तरी ढब्बू घराच्या आत कधी नव्हता. उंबरा ही त्याची हद्द, आणि ती त्याने कधी ओलांडली नाही.

व्हिडिओ काढला अर्शियाने, तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने. "अम्मी, हाक मार त्याला. चालताना दिसला पाहिजे."

"ढब्बू, ये, ये."

तो धावत आला आणि नेहमीच्या जागी थांबला. मायलेकी फोनवर ते बघायला लागल्या. पहिल्यांदा फरजानाने कुत्रा पाहिला. दुसऱ्यांदा तिचं लक्ष खाली, स्वतःच्या पायांकडे गेलं. तोंड "ये, ये" म्हणत होतं. कुत्रा जवळ आला तसा तिचा हात ओढणी आवरत होता आणि पाय एक पाऊल मागे सरकत होते.

कुत्र्याची लाळ लागली की कपडा धुवायचा, मगच नमाज. दिवसातून पाच वेळा कोण कपडे बदलणार? म्हणून ओढणी आवरायची, मागे सरायचं. हे ती पिल्लू आणल्या दिवसापासून करत होती, आणि आपण करतो हे तिच्या गावीही नव्हतं.

"म्हणजे तोंडाने बोलावतेस आणि पायाने हाकलतेस," अर्शिया म्हणाली. "आणि वेडा ठरतो तो."

"बरं, शहाणे, फोन ठेव आणि थोडी कलेजी उकड."

इरफानचा एक जुना, लांब बाह्यांचा सदरा दाराबाहेरच्या खिळ्यावर आला. ढब्बूकडे जायचं तर अंगावरच्या कपड्यांवर तो चढवायचा, परतताना उतरवून हात धुवायचे. त्या सदऱ्यात फरजाना अंगणात उभी राहिली की शेजारच्या रमिलाबाई कुंपणावरून विचारायच्या, "काय भाभी, आज ड्युटी शे का?"

ढब्बू थांबायचा तिथेच थांबला. ती पुढे गेली नाही, मागेही नाही. कलेजीचा तुकडा स्वतःच्या अंगठ्यापाशी टाकला. तो मान ताणून खाऊन पळाला. पळू दिला. हळूहळू मान ताणायची गरज उरली नाही. मग तुकडा खाली न टाकता ती छातीशी धरायला लागली. वर बघायचं तर कुत्र्याला ढुंगण टेकावं लागतं. तो बसला, तिच्या पायांशी, तोंड वर करून. मग गळ्यातल्या पट्ट्याला हात, लगेच तुकडा, लगेच सोडून द्यायचं. धरलं म्हणजे बांधलं असं नाही, हे त्याच्या डोक्यात बसायला वेळ लागला. अंगणातलं जमल्यावर कपडे वाळत घालायची दोरी पट्ट्याला बांधून तोच धडा उखाच्या शेतात.

एकदा सगळं मोडलं. बाजेवर गहू वाळत घातले होते आणि ढब्बू त्याभोवती घुटमळत होता. सासूबाई काठी आपटत दुपारभर म्हणत राहिल्या, "ढब्बू, हट. ढब्बू, चल, निघ." संध्याकाळी फरजानाने हाक मारली तर ढब्बू पुन्हा हातभर लांब. दुसऱ्या दिवशी तिने परत अंगठ्यापासून सुरुवात केली.

पपईचा माल गेला आणि धर्मेंद्र मोटरसायकलवरून आला, हँडलला साखळी लटकवून. ढब्बू घरी नव्हता. पॅसेंजर स्टेशनात उभी होती.

फरजानाने सदरा चढवला आणि शेताच्या टोकाला गेली. मागे इरफान, धर्मेंद्र आणि आपलं पाणी द्यायचं काम सोडून उखा. ढब्बू रुळांमध्ये, तोंडात पोळी. दोरी नव्हती. लांबून मालगाडीचा भोंगा आला.

तिने एकदाच हाक मारली. "ढब्बू, ये."

त्याने मान वर केली. पोळी तोंडातच ठेवून त्याने रूळ ओलांडला आणि तो शेतातून धावत आला. जुन्या जागी त्याची चाल मंदावली. तिचे पाय हलले नाहीत. तो पुढे आला, पोळी खाली टाकली आणि तिच्या चपलांना टेकून बसला. तिने पट्टा धरला, तुकडा दिला. मागून मालगाडी धडधडत गेली.

"हाऊ मन्हासंगे येवाव नई आते," धर्मेंद्र साखळी गुंडाळत म्हणाला. "मी दुसरा कुत्रा देखस."

उखा म्हणाला, "भाभी, मन्ही म्हैस बी शिकाडी द्या."

घरी आल्यावर फरजानाने सदरा खिळ्याला अडकवला आणि साबणाने हात धुवायला बसली. इरफान तांब्याने पाणी घालत होता.

"ठेव बाई तुझा ढब्बू," तो म्हणाला. "आता काय हवंय? कुंपण घालून देऊ?"

"कुंपण नको. तुम्ही अम्मींना एक सांगा, मी सांगितलं तर बरं दिसणार नाही. ढब्बूला हाकलायचं असेल तेव्हा खुशाल हाकला, पण त्याचं नाव घेऊन हाकलू नका."