फुग्याचे कान

संस्थेत तिला सगळे फुगेवाली म्हणत. तारा फुटला की त्यातून उसळलेला तापलेला वायू हजारो वर्षं कसा पसरत जातो, हे ती संगणकावर घडवून पाहायची, आणि पडद्यावर दिसायचा तो फुगाच. तिच्या फुग्याला समोरासमोर दोन कान होते. तारा त्या दोन बाजूंना जास्त जोराने फुटला म्हणून ते आले, असं तिचं म्हणणं. सगळा प्रबंध त्या कानांवर उभा होता.

पण संगणक वायू मोजतो तो चौकोनी खण पाडून, आणि खणांच्या रेषेवर कधीकधी असे कान खोटेच उगवतात. खरंखोटं करायचा उपाय सोपा. तारा खणांत तिरका ठेवायचा आणि गणित पहिल्यापासून चालवायचं. कानही तिरके झाले तर ताऱ्याचे, जागचे हलले नाहीत तर खणांचे. फुगेवालीने ही चाचणी टाळता येईल तितकी टाळली. झाकली मूठ सव्वा लाखाची! शेवटी प्रबंध द्यायची वेळ आली, तेव्हा कुठे ती लावली.

आठवड्याने चित्र काढलं, तर कान जागच्या जागी. जुनं आणि नवं चित्र घेऊन ती मार्गदर्शक सरांच्या खोलीत गेली.

"सर, संपलं. कान खोटे आहेत."

"आण इकडे. रडायचं ते बघून झाल्यावर रडू."

सरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. ती वाकून बघत होती आणि एकदम थांबली. "सर, भोवरेसुद्धा तेच? अगदी बारीकसारीक?" तारा वळवल्यावर वायूचे भोवरे पुन्हा तसेच्या तसे पडणं शक्यच नव्हतं. घाबरलेल्या बाईने जुन्याच गणिताचं चित्र दुसऱ्यांदा काढलं होतं. नवं गणित शेजारच्या फोल्डरमध्ये निवांत पडलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

सरांच्याच संगणकावर तिने ते उघडलं. चित्र वरून खाली हळूहळू उमटत गेलं. दोन्ही कान तिरके, चांगले ठसठशीत तिरके. तिचा जीव भांड्यात पडला. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि मोकळेपणी रडली.

"ही चाचणी मी तुला कधीच सांगायला हवी होती," सर खिडकीकडे बघत म्हणाले. "माझीच छाती झाली नाही."

मग दोघंही हसत सुटले, आणि रुमाल आधी सरांनाच लागला.