मामाजींचं भेव

वर्धा जिल्ह्यात माझ्या बायकोच्या मामांएवढा भित्रा माणूस आजवर झाला नाही आणि पुढेही व्हायचा नाही. इतर माणसं सापाला भितात, साहेबाला भितात. मामाजी निवलेल्या चहालाही भीत, कारण तो निवेपर्यंत आणायला उशीर का झाला असावा, या विचारानं त्यांना घाम फुटे. अल्लीपूरहून आमच्या बोरगाव मेघेच्या घरी येताना एसटीत संकटकाळच्या दाराशेजारची जागा मिळाली नाही, तर ते बस सोडून देत. लग्नात पंगतीला बसण्याआधी मांडवाचा खांब हलवून पाहत. एकदा असा काही जोर लावला, की अर्धा मांडव वरणभातावर आला आणि कापडाखालून मामाजी ओरडले, "मी सांगतलं नव्हतं का!" फोनवर 'जय भीम'च्या आधी त्यांचा प्रश्न असे, "सारे बरे हायेत ना?" हो म्हटलं, की आणखी घाबरून विचारत, "मंग तुमचा आवाज काऊन असा येऊन राह्यला?"

आमची मुलगी दिवस भरायच्या फार आधी जन्मली, तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता दवाखान्याकडे फिरकायचा नाही. ते दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन आले आणि नवजात बालकांच्या कक्षाबाहेरच्या बाकावर बसले. आत काचेच्या पेटीत माझी लेक होती, ओंजळीत मावेल एवढी. फुप्फुसं कच्ची. ज्या यंत्रानं आणि ऑक्सिजननं ती जगली, त्यांनीच ती फुप्फुसं पुढे दुखावली. आठवड्यांमागून आठवडे गेले, ऑक्सिजन सुटेना. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाई, आणि मधूनच यंत्र वाजू लागे. अशा वेळी मामाजी डॉक्टरबाईंसमोर हात जोडून उभे राहत. "बाई, साऱ्यात वाईट काय होऊ शकते?" बायको रडू लागे, मी दात-ओठ खाई. बाई मात्र त्यांच्याशेजारी बसून खरं काय ते सांगत.

त्याच बाकावर कुणीतरी मला स्टेम सेलबद्दल सांगितलं. नाळेतून काढलेल्या पेशी दिल्या, की म्हणे फुप्फुसं दुरुस्त होतात. मी बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "आशा आहे, पण अजून अभ्यास चालू आहे. काही ठिकाणी परवानगी घेऊन, अभ्यासाचा भाग म्हणून देतात. गुण येतो की नाही, हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तुमच्या लेकीला इथून हलवायचीच मला भीती वाटते."

पण बापाला छातीठोक सांगणारा माणूस हवा असतो. असा एक मला दुसऱ्या शहरात सापडला. मामाजी थरथरत का होईना, माझ्यासोबत आले. गारेगार खोली, भिंतीभर गुबगुबीत बाळांचे फोटो. तिथला डॉक्टर म्हणाला, "बाळाला लगेच घेऊन या, पेशी तयार आहेत." मी मान डोलावली. तेवढ्यात शेजारून तोच प्रश्न आला, "साऱ्यात वाईट काय होऊ शकते, साहेब?"

डॉक्टर हसला. "काहीच नाही, काका. शंभर टक्के सुरक्षित."

मामाजी उठले. "चला, जवाई."

रस्त्यावर मी त्यांच्यावर ओरडलो. तिचा श्वास तुमच्या भित्रेपणापायी जाईल, असंही बोलून गेलो. ते विजेच्या खांबाला धरून उभे होते, ओठ पांढरे पडलेले. "बाईले भेव वाटते, जवाई. पोरीकडे पाहतानी तिचे डोये म्या पायले हायेत. ह्याले कायचंच भेव नाई. ज्याले भेव नाई, त्याच्या हाती लेकरू देऊ नका."

आम्ही दवाखान्यात परतलो. गेल्या गेल्या मी काचेपाशी धावलो. ती होती, बरगड्या तशाच ओढल्या जात होत्या.

मग ऑक्सिजन थेंबाथेंबानं कमी झाला. मध्येच वाढे, पुन्हा कमी होई. नाकातल्या नळीसकट ती घरी आली आणि पुढं कधीतरी नळीही सुटली. आता ती अंगणभर चालते. पण थंडीत छाती घरघरते, आणि धावली की इतर मुलांच्या आधी खाली बसते.

परवा मामाजी आले होते. दुपारी ती त्यांच्या मांडीवर झोपली. बराच वेळ ते तिच्या छातीचं वरखाली होणं बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "जवाई, त्या दिवशी म्या तुम्हाले उठवून आणलं. त्या पेशींच्या सुईनं ही आणखी चांगली झाली असती तं? मले अजून समजून नाई राह्यलं."

मलाही समजलेलं नाही. आता ते कुणीच सांगू शकणार नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लेक झोपेत कुशीवर वळली, आणि आम्ही दोघेही श्वास रोखून तिचा पुढचा श्वास ऐकायला थांबलो.