चिनी बोरं आणि न सांगितलेले महिने

ओमानात आलो तेव्हा आम्ही अझैबा नावाच्या वस्तीत एका फ्लॅटमध्ये राहायचो. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. नवरा सकाळी साइटवर गेला की मी एसी लावायची, बंद करायची, झाडलेली खोली पुन्हा झाडायची. दोन वर्षांत दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं होतं. मला मूल हवं होतं, आणि तेही लगेच. माझा स्वभावच तसा, भात शिजायच्या आत चारदा झाकण उघडणारा.

हॉस्पिटलात रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण त्यांनी सारखं मळमळायचं. तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसात कुणीतरी एका चिनी वैद्यबाईंचं नाव काढलं. एका शिंप्याच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. बाई पन्नाशीच्या, इंग्रजी तोडकंमोडकं, मधूनच अरबी. त्यांनी नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली आणि ती इतका वेळ न्याहाळत बसल्या की माझं डोकंच फिरलं.

मग त्यांनी एक पुडी दिली. आत सुरकुतलेली लाल फळं. दिसायला खजुरासारखी, पण खजूर नव्हे. आपल्या बोराच्या जातीतली, वाळवलेली. रोज पाच घ्यायची, चिरून बी काढायची, आल्याच्या दोन चकत्यांबरोबर उकळायची. पाणी प्यायचं, फळंही खायची. त्यांच्या शास्त्राप्रमाणे ही फळं उष्ण आणि गोड. रक्त वाढवतात, पोटाला बळ देतात, मन शांत करतात. पण पोट फुगलं, जिभेवर जाड पांढरा थर आला, कफ झाला किंवा फार तहान लागली तर ताबडतोब बंद. दिवस राहिले तर आधी येऊन दाखवायचं. घरात कुणाला साखर आहे का, असंही त्यांनी विचारलं. माझ्या वडिलांना होती. मी नाही म्हणाले. म्हटलं, कशाला उगाच फाटे फोडा?

पुड्या सुरू झाल्या आणि मला झोप लागायला लागली. चार महिन्यांनी दिवस राहिले.

आता आमच्याकडची रीत अशी की तीन महिने पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. दृष्ट लागते. आधीच्या दोन्ही वेळी मी नवऱ्याशिवाय कुणाजवळ अक्षर काढलं नव्हतं. या वेळी तर मी वैद्यबाईंनाही सांगायचं नाही असं ठरवलं. नाडीला बोट लावताच त्यांना कळेल म्हणून जाणंच सोडलं आणि पुड्या आणायला नवऱ्याला धाडलं.

“अगं, तिलाच नाही सांगायचं तर कुणाला?” तो म्हणाला.

मी त्याला असं काही झापलं की तो पुडी आणायला निघाला. बाईंनी दोनदा निरोप दिला, तिला घेऊन ये, जीभ बघायची आहे. मी म्हणाले, बघू.

इकडे पाचाची मी दहा बोरं केली होती. चांगलं आहे ना, मग जास्त घेतलं की जास्त चांगलं. शिवाय खालच्या मजल्यावरची ओमानी शेजारीण रोज दुपारी कहव्याबरोबर, म्हणजे त्यांच्या बिनदुधाच्या कॉफीबरोबर, खजुराचं ताट पुढे करायची. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, म्हणून मी मुकाट खायची. तहान लागायची, ती उन्हाळ्याच्या नावावर खपवली. पोट फुगायचं, तेव्हा तर मला आनंदच व्हायचा. वाटायचं, बाळ वाढतंय.

चौथ्या महिन्यात हॉस्पिटलात तपासणी झाली. साखर चांगलीच वाढलेली. मी खजुराचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, एकट्या खजुराला दोष देऊ नका, पण गोड आजपासून बंद, आणि बहुधा इंजेक्शनही लागेल. बाळाला काही होईल का, एवढंच मी विचारलं. काळजी घेतली तर नाही, म्हणाले. घरी जायच्याऐवजी मी तडक वैद्यबाईंचा जिना चढले. तुमच्या बोरांनीच साखर वाढली म्हणून भांडायलाच गेले होते.

त्यांनी मला बोलू दिलं. मग माझं मनगट धरून तीन बोटं टेकवली.

“चार महिने,” त्या म्हणाल्या. “मी बंद करायला सांगितलं असतं. तू कुणापासून लपवत होतीस?”

मी आमची रीत समजावून सांगितली. तीन महिने गुपित, म्हणजे वाईट काही घडत नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“आधीचे दोन गेले तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?”

 नवरा होता, पण त्याचे डोळे भरले की तो बूट घालून साइटवर निघून जायचा. बाकी कुणाला माहीतच नव्हतं, तर येणार कोण? त्या खोलीत मी पहिल्यांदा मोठ्याने रडले. बाई माझं मनगट धरून बसून राहिल्या.

बोरं त्या दिवशीच बंद झाली. मुलगी पुढे वेळेवर आणि धडधाकट झाली, पण मला जास्त आठवतो तो त्या संध्याकाळचा फोन. कोपऱ्यावरच्या बूथमध्ये कार्ड घालून मी चिपळूणला आईला लावला.

“आई, मला चौथा लागलाय,” मी म्हणाले. “आणि ही तिसरी खेप आहे.”

 आई आता ओरडणार, मला परकी समजलीस म्हणणार, असं वाटून मी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला.

“तुझ्याआधी माझेही दोन गेले,” ती म्हणाली. “मीसुद्धा माझ्या आईला कधी सांगितलं नाही.”

कार्ड संपेपर्यंत आम्ही दोघी त्या चौघांसाठी रडलो.