पेटीवरचं पिल्लू

सिनांग लोकांची धुणी धुवायची, पण गल्ली तिला ओळखायची ती यादीमुळं. एकोणीस वर्षं मेयर मॉन्तेवेरोच्या घराण्यासाठी मतदारांची यादी तिनं सांभाळली. आधी बाप मेयर, मग त्याची बायको, आता पोरगा. निवडणूक आली की कानावर पेन्सिल खोचून ही दारोदार हिंडायची. आपलं घर असलं की बरोबरची खूण, दुसऱ्याचं असलं की फुली. खूणवाल्याला नाताळात तांदूळ आणि आजारपणात मेयरची चिठ्ठी. चिठ्ठी दाखवली की दवाखाना आत घ्यायचा. फुलीवाल्यानं मेयरच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवायच्या आणि हात हलवत घरी यायचं. यात काही वावगं आहे असं सिनांगला कधी वाटलं नाही. वाफ्यातलं तण उपटावं तशा ती फुल्या मारायची.

नवरा क्रिसपुलो तीनचाकी चालवायचा. मोटरसायकल आणि तिच्या बगलेला पत्र्याचा डबा. दोन वर्षांखाली त्याची मूत्रपिंडं गेली. तेव्हापासनं आठवड्याला दोनदा दवाखान्यात रक्त धुवून घ्यायचं, मेयरच्या चिठ्ठीवर. मधल्या दिवशी तो जमतील तेवढ्या खेपा मारायचा.

यंदा मेयरला तोडीस तोड गडी भेटला, वकील सुमालिन. एकेका खांबावर दोघांची चार-चार थोबाडं लटकली. एप्रिलच्या उन्हात क्रिसपुलोच्या डब्याचं टप फाटलं, आणि सुमालिनच्या पोरांनी वाटलेला एक प्लास्टिकचा फलक त्याच्या हाताला लागला. त्यानं तो टपावर ताणून बांधला. उलटा बांध, असं सिनांग म्हणाली होती. तो म्हणाला, गुळगुळीत बाजू वर असली म्हणजे ऊन कमी लागतं, आणि टपावर बघतंय कोण.

बघणारा तेरोय होता. तेरोय म्हणजे वॉर्डाचा मेंबर, सिनांगची यादी वर पोचवणारा. त्यानं आपल्या माडीवरनं टपावर हसणारा सुमालिन बघितला आणि सिनांगच्याच यादीत सिनांगच्या घरावर फुली मारली.

पुढच्या पाळीला चिठ्ठी निघाली नाही. पहिल्यांदा सांगितलं, साहेब प्रचारात आहेत. दुसऱ्यांदा, सही राहिलीय. तिसऱ्यांदा तेरोयनंच बाहेर येऊन सगळ्यांदेखत विचारलं, "सिनांग, टपावर सुमालिन आणि हातात आमची चिठ्ठी, कसं दिसतं ते? माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

तिला उत्तर ठाऊक होतं. घरी येऊन तिनं फलक ओढून फाडला. तेरोय म्हणाला, आता मतदान झाल्यावर बघू. तीन पाळ्या हुकल्या. क्रिसपुलो फुगत गेला, श्वास पुरेना, आणि गुरुवारी दुपारी दारातल्या बाकड्यावर बसल्या बसल्या गेला.

अकरा दिवस मेयरला चिठ्ठी जमली नाही, मयताची पेटी मात्र दोन तासांत आली. वरच्या काचेसकट, फुलांसकट. पाठोपाठ मांडव आला, आणि मांडवाच्या कापडावर मेयरचं हसरं तोंड, बरोबर क्रिसपुलोच्या डोक्यावर. खाली छापलेलं, दुःखात सहभागी. चौथ्या दिवशी मेयर स्वतः येणार होता, फोटोवाला घेऊन. मतदानाला नऊ दिवस राहिले होते.

मातीआधीच्या जागरणात तीन दिवस सिनांग पेटीजवळ बसून राहिली. येणाऱ्यांना कॉफी-बिस्किटं दिली, रात्र जागवायला पत्ते खेळणाऱ्यांना टेबल दिलं. रडली नाही. दात आवळून आवळून तिच्या दाढा दुखायला लागल्या. क्रिसपुलोला असल्या तोंडाखालनं मातीत घालायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

चौथ्या सकाळी ती नांग बसिलिसाच्या परसात गेली. बसिलिसा तिच्यापेक्षा थोरली, म्हणून मानानं नांग, कोंबड्या पाळणारी. सहा वर्षांखाली तिच्या जावयानं भलत्याचा फलक लावला म्हणून सिनांगनं तिच्या घरावर फुली मारली होती. पोरीला बाळंतपणात चिठ्ठी मिळाली नाही. पोर वाचली, बाळ नाही.

"नांग, एक पिल्लू पायजे," सिनांग म्हणाली.

आमच्याकडं खून झालेल्याच्याच पेटीवर कोंबडीचं पिल्लू सोडतात. ते काचेवर चोच मारत राहतं आणि जिथं असेल तिथं खुन्याच्या काळजाला टोचतं. आजारानं गेलेल्याला कुणी पिल्लू ठेवत नाही.

बसिलिसानं खुराड्यात हात घालून एक पिवळं पिल्लू काढलं.

"घे. पर ह्ये नुसतं मेयरलाच टोचंल असं समजू नगंस. माझ्या नातवाला म्या पिल्लू ठेवलं न्हवतं. पेटीच केवढीशी व्हती."

"टोचू दे," सिनांग म्हणाली. "म्या कुठं पळून चाललेय."

पिल्लू काचेवर आलं, समोर तांदळाचे दाणे पडले, आणि पत्ते खेळणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. तासाभरात सुमालिनचा माणूस हजर. नवा मांडव आणला होता, मेयरचा उतरवून आपला घालतो म्हणाला. बाईनं माईकवर फक्त दोन मिनिटं बोलावं.

"दवाखान्याच्या दारात आमी उभं व्हतो तवा कुटं गेला व्हता तुझा माईक?" सिनांगनं विचारलं. "एक थोबाड लटकतंय ते बास हाय. तुझं उचल आन् चालता हो."

दहाच्या सुमाराला तेरोय घामाघूम होऊन आला. पिल्लू उचलायला त्यानं हात पुढं केला, आणि सगळी गल्ली त्या हाताकडं बघायला लागली. उचललं तर टोचलं कुणाला हे आपोआप कळणार होतं. हात मागं गेला.

मेयर आला. पांढरा शर्ट, मागं फोटोवाला. पेटीजवळ येऊन वाकला आणि तसाच राहिला. पिल्लू टक, टक करत होतं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला, पण गल्लीत शंभर फोन होते आणि ते कुणी खाली घेतले नाहीत.

"आजारी होते ना?" मेयरनं हळू विचारलं.

"आजारीच व्हतं. तुमच्या चिठ्ठीची वाट बघत व्हतं."

काही लागलं तर तेरोयला सांगा, असं काहीतरी पुटपुटून मेयर वळला.

मयताच्या घरचं माणूस पाहुण्याला पोचवायला उठत नाही. उठलं तर मरण पाहुण्याच्या मागोमाग जातं. पाद्री आला तरी एकटाच परत जातो. सिनांग उठली.

"नांग, बसा," तेरोय म्हणाला. एकोणीस वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदा नांग म्हटलं. "असं करू नये, तुम्हाला ठाऊक आहे."

ती मेयरच्या बरोबरीनं चालली. तो भराभर चालला तशी तीही चालली. गाडीपाशी तिनं स्वतः दार उघडून धरलं. ड्रायव्हरनं छातीवर क्रूस काढला.

"सांभाळून जावा, साहेब," ती म्हणाली.

परत येऊन तिनं भाजीची सुरी घेतली आणि मांडवाच्या चारी दोऱ्या कापल्या. मेयरचं तोंड घडी पडून धुळीत बसलं. ऊन सरळ काचेवर आलं. बसिलिसानं घरनं छत्री आणली आणि पेटीवर धरली, पिल्लाला सावली पडेल अशी. सिनांगच्या डोक्यावर तिनं धरली नाही, आणि सिनांगनंही मागितली नाही.