बाथरूमची कडी

आमच्या शेजारच्या गीतांजलीला एकोणिसाव्या वर्षापासून फिट्स येत. लग्न होऊन ती सीवूड्सला आली, तेव्हा नवऱ्यानं, नंदकुमारनं, पहिलं काम केलं ते बाथरूमची कडी काढण्याचं. आत फिट आली तर दार तोडावं लागेल, म्हणून. काळजीच ती, नावं ठेवायला जागा नाही. पण तेव्हापासून बावीस वर्षं ही बाई आत गाणं म्हणत आंघोळ करते. गाणं थांबलं की बाहेरून दार ढकललं जातं. नवरा असो, सासू असो, नाहीतर दीर.

दीड वर्षापूर्वी डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी दिली. मेंदूत ग्लुटामेट नावाचं रसायन पेशींना चेतवतं. ते जिथे जाऊन बसतं, त्या जागा ही गोळी थोड्या अडवून धरते, म्हणजे एका कोपऱ्यातली ठिणगी मेंदूभर पसरत नाही. फिट्स थांबल्या. "चिडचिड वाढू शकते, लक्ष ठेवा," असंही बाईंनी बजावलं होतं. नंदकुमारनं तेवढं मात्र पक्कं लक्षात ठेवलं.

वर्षभर एकही फिट आली नाही. कडी लावायला डॉक्टरीणबाईंचीही हरकत नव्हती. तेव्हा गीतांजली म्हणाली, "अहो, आता कडी लावून घ्या."

"बघू."

दुसऱ्यांदाही "बघू." तिसऱ्यांदा तिनं तांब्या आपटला.

"ही गोळी बोलतेय," नंदकुमार म्हणाला. मग घरात तेच सुरू झालं. दिराला "दार वाजवत जा" म्हटलं, गोळी. सासूला उलट उत्तर दिलं, गोळी. लिफ्टपाशी ती माझ्याकडे रडली, तेव्हा मीही म्हणाले, "अगं, गोळीचा परिणाम असेल." आज त्याची लाज वाटते.

शेवटी ती स्वतःच डॉक्टरांकडे गेली. "मॅडम, राग माझा की गोळीचा, मलाच कळेनासं झालंय. बदलून बघा." बाईंनी ती गोळी हळूहळू बंद करून दुसरी दिली.

तीन महिने झाले. फिट नाही, आदळआपट नाही. परवा रविवारी मी त्यांच्याकडे पोहे खात बसले होते. गीतांजली अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, ती गोळी गेली, माझं आपटणंही गेलं. आता शांतपणे सांगते. मला कडी हवीय."

नंदकुमारनं बशी खाली ठेवली आणि फोन उचलला. "मॅडमची अपॉइंटमेंट घेतो. हीसुद्धा गोळी हिला सोसत नाहीये."

गीतांजली उठली. टॉवेल घेऊन आत गेली, दार लोटलं आणि गाऊ लागली.