दोन पुरुषांची प्रेमकथा मी मोठ्यानेच सांगणार

"हे बघा, आजीबाईंची पोथी!"

असं म्हणत आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी माझं पुस्तक सगळ्यांसमोर वर धरलं आणि त्याचं कव्हर ओढून फाडलं. आत मुखपृष्ठावर दोन पुरुष. कपाळाला कपाळ टेकलेले. अध्यक्षांबरोबर आलेले कमिटीचे दोघं हसले. मग अध्यक्ष त्यातलं इंग्रजी वाचू लागले. चुंबनाचा परिच्छेद. मुद्दाम बायकी आवाज काढून. अडखळत. भिशीच्या बायका माना खाली घालून बसल्या होत्या. मी उभी होते.

"या वयात हे चाळे, आजी? नातवंडं आहेत ना तुम्हाला?"

आहेत. तुम्ही. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे, तसंच सांगते.

पनवेलच्या आमच्या सोसायटीत बायकांची पुस्तकभिशी आहे. जिची चिठ्ठी निघेल तिने भिशीच्या पैशांतून हवं ते पुस्तक आणायचं आणि दर गुरुवारी हॉलमध्ये त्याची गोष्ट थोडी थोडी सांगायची. या वेळी चिठ्ठी माझी निघाली. मी दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी आणली. अशा कादंबऱ्या मी तुमचे आजोबा गेल्यापासून वाचते. इंग्रजीत भरपूर मिळतात. मला आवडतात. का आवडतात हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. म्हणून इथे लिहिते.

जन्मभर मी प्रेमकथा वाचल्या. बाई वाट बघते, पुरुष येतो, मग ती पोळ्या लाटते. या पुस्तकांत दोघांपैकी कोणीच ताट वाढायला जन्मलेलं नसतं. चहा कोण करणार, हेसुद्धा बोलून ठरवावं लागतं. आधी हात कोण धरणार, माहीत नसतं. दोघंही घाबरलेले. दोघंही चिडके. आणि जवळ येताना विचारतात, "चालेल ना?" माझ्या अख्ख्या संसारात हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता.

या कादंबरीत एका थंड बेटावर एक गुरांचा डॉक्टर आहे आणि एक मेंढपाळ. लंगड्या कुत्र्यावरून दोघं कडाडून भांडतात. मेंढपाळ म्हणतो, पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. आणि सकाळी उठून डॉक्टरच्या गाडीसाठी फाटकापर्यंतचा बर्फ स्वतः उपसून ठेवतो.

एका गुरुवारी हे सांगितलं तेव्हा हिराबाई खुर्चीतच उसळली. ती जवळच्याच नेरे गावची, जमीन विकून मुलाने इथे फ्लॅट घेतला. म्हणाली, "भांडतात म्हंजे जमनार बघा! पन ह्यो मेंढरांवाला बोलत का नाय? मूग गिलले काय त्यानं?"

"अहो मावशी, बर्फ उपसला ना? तेच त्याचं आय लव्ह यू," सुनीता म्हणाली. सुनीता म्हणजे अध्यक्षांची बायको. सगळ्यांत जास्त रंगून ऐकायची ती. डोळे पुसायची.

तिच्या नवऱ्याने पुस्तक फाडलं तेव्हा मात्र ती आपल्या बांगड्यांकडे बघत होती.

आता कव्हराचं सांगते. मी प्रत्येक पुस्तकाला जुन्या कॅलेंडरचं पान घालते. कोरी बाजू वर, देवाचं चित्र आत. तुमच्या बाबांच्या शाळेच्या पुस्तकांना दर जूनमध्ये अशीच कव्हरं घातली. सगळे तसंच करायचे. देवाच्या पोटाशी बीजगणित आणि भूगोल गुंडाळलेला असायचा आणि देवाची त्याला हरकत नव्हती. या पानावर गणपती होता. कव्हर फाटलं आणि अर्धा गणपती अध्यक्षांच्या मुठीत आला.

हसणं थांबलं.

"बघा! गणपतीच्या फोटोत गुंडाळली ही घाण!"

"पन फाडला तर तुमीच ना, भाऊ?" हिराबाई म्हणाली. एकटी.

"गप्प बसा, मावशी. इंग्रजी कळतं का तुम्हाला?"

फाडला त्यांनी. माफी मी मागायची. सोसायटीच्या ग्रुपवर, लेखी. तोपर्यंत हॉलला कुलूप आणि भिशी बंद.

तुमच्या बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आई, लिही ना दोन ओळी. कशाला तमाशा?" मग म्हणाले, "आणि मुलांशी हा विषय काढू नकोस."

"का?"

"आई, प्लीज."

मुलांनो, मी लिहिला तो माफीनामा. मोबाइलवर, स्वच्छ मराठीत. 'माझ्याकडून अनवधानाने भावना दुखावल्या गेल्या...' देवाच्या नावाने भीती वाटली, हे खरं आहे. पाठवणं तेवढं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सुनीता भेटली. दार लागेपर्यंत थांबली. मग माझ्या कानाशी आली.

"काकू, तो डॉक्टर बेट सोडून गेला का हो? मला झोप नाही. सांगा ना. हळू सांगा."

हळू! माझ्या डोक्यात तिडीक गेली. गोष्ट हवी. त्या दोघांचं जमायलाही हवं. पण कुजबुजत. आणि चारचौघांत ती घाण. मी जे पाठवणार होते ते काय होतं, हे मला त्या लिफ्टमध्ये कळलं. माझा आनंद घाण आहे, असं मी सही करून देणार होते.

"हॉलमध्ये सांगेन," मी म्हटलं. "मोठ्याने. तुझ्या नवऱ्यासमोर."

"काकू, माझा नाइलाज आहे हो."

"माझा नाही."

ती ओढणी सारखी करत उतरून गेली. मी तिथेच माफीनामा पुसून टाकला.

गुरुवारी हॉलला कुलूप होतं. मी बाहेरच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले. एकही बाई आली नाही. हिराबाईला मुलाने खाली सोडलं नाही. ती दुसऱ्या मजल्यावर बाल्कनीत उभी राहिली. मी आवाज चढवला. वॉचमन धावत आला. "मॅडम, साहेब ओरडतील."

"ओरडू देत. मीही ओरडते आहे."

डॉक्टर बंदरावरून परत फिरतो, तिथपर्यंत सांगितलं. घसा बसला.

आता कमिटीची नोटीस येणार म्हणतात. येऊ दे. तुमच्यापैकी कोणाचा जीव उद्या कोणावर जडेल, मला माहीत नाही. ज्या घरात ही गोष्ट कुजबुजून सांगतात, त्या घरातलं एखादं पोर जन्मभर कुजबुजत जगतं. माझ्या घरात ते होणार नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारा, आजी, पुढे काय झालं. तुमचे बाबा शेजारी बसलेले असतील. बसू देत. मी शेवटपर्यंत सांगणार आहे. त्यांना ऐकायचं नसेल तर त्यांनी उठून जावं.