मनगटात रुतलेला चुडा

“प्रीएक्लॅम्पसिया,” सांगलीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मग सासूबाईंना समजावू लागल्या, “गरोदरपणात बीपी एकदम चढतं. किडनी, लिव्हर, मेंदू, सगळ्यांवर ताण येतो. आत्ताच आयसीयूत न्यायचंय.”

मला आठवा महिना होता. डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

खुणा आधीच दिसत होत्या. डोहाळजेवणाला भरलेला हिरवा चुडा थोड्याच दिवसांत मनगटात रुतू लागला होता. आमच्या कवठे महांकाळच्या घरी येणारी प्रत्येक बाई माझा सुजलेला चेहरा बघून म्हणायची, “सून लय भरलीया हो तुमची!” सासूबाई खूश. मीही खूश, जन्मात पहिल्यांदा मला कुणी काडी म्हणत नव्हतं.

आयसीयूत सुई लावायला हात मोकळे हवे होते. साबण लावूनही बांगड्या निघेनात. सिस्टर म्हणाल्या, फोडाव्या लागतील. सासूबाई आडव्या आल्या. माझा नवरा सैन्यात, तेव्हा सीमेवर होता.

“पोरगं बॉर्डरवर हाय माझं. चुडा फोडू देणार न्हाई.”

मला भयंकर राग आला. इथं माझा जीव चाललाय आणि ह्यांना बांगड्यांची पडलीय!

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “मावशी, हिला कधीही झटका येईल. मग दोघंही हाती लागणार नाहीत.”

सासूबाईंनी माझा हात ओढला, पदर गुंडाळला आणि एकेक बांगडी स्वतःच दाबून मोडली. मला एक काच लागू दिली नाही. त्यांचा तळवा मात्र कापला. “त्यो येईल तवा घरात तू पायजेस,” एवढंच बोलल्या.

झटका आलाच. त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात. झटके आवरायला मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं, सिझेरियन केलं, लेकीला काचेच्या पेटीत ठेवलं. हे सगळं मला नंतर कळलं.

शुद्धीवर आले आणि आधी दिसली ती मोकळी मनगटं. लेकीचं विचारायच्या आधी तोंडातून निघालं, “हे बरे आहेत ना?”

“फोन आलता. तुझंच इचारत हुता,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्यावरचा माझा राग तिथंच संपला.

गरोदरपणी चेहरा, हात अचानक सुजले, डोकं दुखायचं थांबेना, तर कौतुक करत बसू नका. त्याच दिवशी बीपी मोजून घ्या.

बारशाला कासारीण आली. तिनं माझा हात दाबून माप पाहिलं, तशा सासूबाई पुढे सरकल्या.

“एक माप मोठ्या भर गं. गरज पडली तर निघाय पायजेत.”